तपासले, सही केली

२ एप्रिल, बुधवार
पोचले एकदाची! बांद्याहून दोन बस बदलून सर्वणला यायला दुपार झाली, पण खोली बघून शीण गेला. पद्मावतीमामींच्या घराची मागची खोली, खिडकीखाली अळू, पलीकडे पोफळी-माडांचं कुळागर. मामींनी सामान ठेवायच्या आधी सोलकढी पुढे केली.
काजूचा कारखाना इथून चालत दहा मिनिटं. अठरा बायका काम करतात. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं, म्हणून त्यांचे हातमोजे, टोप्या, हात धुणं आणि प्रथमोपचाराचं कपाट, एवढं सगळं माझ्याकडे. पहिली नोकरी! सुपरवायझर सुदेश यांनी फॉर्म भरून घेतला. प्रशिक्षण झालंय का? हो. (अर्धा दिवस बसले होते.) धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का? हो. (शाळेत असताना कधीतरी घेतलं असेलच.) मग कपाट तपासल्याची सही. जेवणाची वेळ झाली होती. न उघडताच केली.

५ एप्रिल, शनिवार
आज कपाट उघडलं. जाळीच्या पट्ट्यांची पाकिटं सर्दावून फुगलेली, दोन पाकिटांवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. कापसाचा गुंडाळा उघडाच, त्याला उंदराचा वास. जंतुनाशक एका पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं, नाव ना तारीख. हातमोजे एकमेकांना चिकटलेले. कात्रीच्या पात्यांत सुतळीचे धागे आणि माती, म्हणजे तिनं पोती कापतात.
सुदेशना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, काही हवंय का? त्यांच्या टेबलावर माझ्या सहीचा कागद उघडा होता. म्हटलं, नाही, सगळं आहे.
पुढच्या शुक्रवारी म्हापशाला जाऊन गुपचूप नवं आणीन.

९ एप्रिल, बुधवार
पार्वतीबायचं बोट यंत्रात चिरलं. पन्नाशीची बाई, सगळ्यांना हसवणारी. मला सगळ्यांत आधी नावानं हाक मारलेली तिनंच. रक्त बघून मी कपाटाकडे धावले. मोजे सुटेनात, राहू दे म्हटलं. बोट वाहत्या पाण्याखाली धरायचं तेही विसरले. त्याच कापसानं पुसलं, त्या बाटलीतलं ओतलं, पट्टी बांधली. कात्री सटकली आणि माझ्या अंगठ्याच्या मुळाशी खोल घुसली.
पार्वतीबायनं विचारलं, "बाय, सुई घेवची लागतली काय गो?"
मी म्हटलं, "नको, एवढ्याशाला इंजेक्शन कशाला?"
मग तिनं माझा अंगठा पाहिला. "आणि तुका?"
मी हात पदराआड घेतला.

११ एप्रिल, शुक्रवार
म्हापशाला गेले नाही. सुट्टी मागितली तर कशाला म्हणून विचारतील.

१३ एप्रिल, रविवार
पार्वतीबाय घरी आली. बोट वांग्यासारखं सुजलेलं. पट्टी सोडताना कापूस जखमेतच चिकटून आला, खाली पिवळं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. डॉक्टरकडे जा म्हणायला हवं होतं. डॉक्टर विचारणार, पट्टी कुणी बांधली? मी सांगितलं, कोमट पाण्यानं धू.

१५ एप्रिल, मंगळवार
तिला इस्पितळात नेलं. बोटाचं एक पेर काढावं लागलं.
सुदेशनी सगळ्यांसमोर विचारलं. मी सांगितलं की पट्टी कोरडी ठेव असं मी बजावलं होतं, तिनं पाण्यात हात घातले. सगळ्यांनी मान हलवली. कुणी म्हणालं, या बायका ऐकतच नाहीत.
संध्याकाळी निरोप आला. पार्वतीबायनं इस्पितळातून सांगून पाठवलंय, बायला दोष देऊ नका, माझेच हात मळके.
जेवले नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
जबडा दुखतोय. रात्री दात आवळून झोपले असणार. अंगठ्याची जखम वरून मिटलीय, फक्त ठुसठुसते.

१८ एप्रिल, शुक्रवार
आज पाहुणे आल्याचं खोटं सांगून म्हापशाला गेले. औषधवाला भला. पाकीट फुटलेलं नाही ना बघा, तारीख बघा, कोरड्या जागी ठेवा, एकदा उघडलेलं परत ठेवू नका, जखमेची कात्री दुसऱ्या कामाला लावू नका. लहान मुलीला सांगावं तसं सांगत होता. सगळं आणून कपाटात लावलं. पांढरंशुभ्र दिसतंय आता.
त्याला जबड्याचं विचारायला तोंड उघडलं. बोटभरच उघडलं. विचारलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार
चमचा आत जात नाही. मान लाकडासारखी. आरशात माझा चेहरा हसतोय. मी हसत नाहीये.
काल आणलेल्या सामानात एक पुस्तिका होती. त्यात धनुर्वाताचं पान वाचलं. माती लागलेल्या हत्यारानं खोल जखम. आठ-दहा दिवसांनी जबडा आवळतो. मग मान, पाठ. आवाजानं, उजेडानं झटके. ताबडतोब इस्पितळ.
ताबडतोब.
तिथे विचारतील, कशानं लागलं, कधी, इंजेक्शन घेतलं होतं का. फॉर्मवर हो आहे. पार्वतीबाय त्याच इस्पितळात आहे.
उद्या जाते.

२० एप्रिल, सकाळ
मामींच्या हातून ताट पडलं. त्या आवाजानं पाठ कमानीसारखी उचलली गेली — श्वास थांबला — किती वेळ, माहीत नाही. हाक मारायची होती. दात उघडले नाहीत. इतके दिवस बोलायचं नव्हतं म्हणून बोलले नाही, आता —
खिडकी झाकली. उजेड नको.

दुपार
परत झटका. जीभ चावली. मामी दाराबाहेरून विचारतायत, गाडी बोलावू का. कडी मी आतून लावलीय. उठता येत नाही —

मामी कुणाशी तरी बोलतायत. पार्वतीबाय. आज घरी सोडलं तिला. मी आजारी म्हणून ऐकलं आणि तशीच आली, हात बांधलेला. "बाय गो, दार उघड. घाबरू नाका." दार वाजवू नको, पार्वतीबाय, वाजवू नको — प्रत्येक थापेला पाठ —

दार मोडतायत. आत आली की हे पान तिच्या हातात. मामी, तिला वाचून दाखवा. कापूस घाण होता. सुई नको मीच म्हटलं. पाण्यात हात घातले हे मी खोटं बोल—