अकरा मिनिटांचं बाळ

प्रिय छकुले,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. उशीला टेकून लिहितेय. जेवण जात नाही, बाकी बरी आहे, असं मी तुला फोनवर सांगते ते खोटं आहे, तुलाही ते कळलंच असेल. डॉक्टरांनी हात टेकलेत. उद्या सकाळी फादर मरणाआधीचं पवित्र तेल लावायला येणार आहेत.

तीस वर्षं मी प्रसूतिगृहात नर्स होते. मूल जगत नाहीसं दिसलं आणि आईबापांनी सांगितलं, तर फादरांची वाट न बघता मीच त्याच्या कपाळावर पाणी ओतायची, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तुलाही हे मीच शिकवलं.

तुझ्या बाळंतपणाच्या वेळी भरदुपार होती. डॉक्टर आणि दुसरी सिस्टर तुझा रक्तस्राव थांबवण्यात गुंतले होते. बाळ माझ्याकडे. निळसर, ओंजळीएवढं. एका हाताने तिच्या तोंडावर मास्क धरला, दुसऱ्याने हवेची पिशवी दाबत राहिले. पाण्याचा पेला शेजारीच होता. पण हात काढला तर श्वास तुटेल, असं वाटलं. अजून एकदा दाबू, मग पाणी. अजून एकदाच. अशी अकरा मिनिटं गेली आणि ठोका थांबला.

तरीही मी पेला उचलला, आणि परत ठेवला. संस्कार जिवंत माणसासाठी असतात गं. मग तू ग्लानीतच विचारलंस, "आई, पाणी घातलंस ना?" मी म्हणाले, "हो गं, घातलं."

त्या एका 'हो'वर तू नऊ वर्षं काढलीस.

गेल्या आठवड्यात फादरांजवळ पापनिवेदन केलं. बिचारे म्हणाले, अशा बाळांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो, आशा ठेवायची. मी विचारलं, खात्री? ते म्हणाले, आशा. आदामाच्या पापामुळे मरण आलं, ते पाप जन्मतःच आपल्या वाट्याला येतं आणि बाप्तिस्म्याने धुतलं गेलं तरच स्वर्ग, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. आपल्या बाळाला मरण तेवढं मिळालं, पाणी नाही. मला मात्र फादरांनी क्षमा दिली. ती घेऊन मी काय करू?

हे माझ्याबरोबरच गेलं असतं. पण परवा फोनवर तू रडत म्हणालीस, "आई, घाबरू नकोस, वर आपलं बाळ तुला घ्यायला येईल." तेव्हापासून डोळे मिटायची भीती वाटते. ती तिथे नसली, तर तुला सांगायला मी परत येऊ शकणार नाही. म्हणून आत्ताच सांगितलं.

तुझीच, अजून हवी असेन तर,
आई