एकशे बारा नंबरची शिवण

४ मार्च
ट्रक आला. पूर्वी विस्थापितांच्या छावणीत फाटलेले तंबू तिथेच जाळायचे आणि आमच्या गोदामातून कोरे पाठवायचे. आता सामान उतरवून रिकामा परतणारा ट्रक फाटके तंबू घेऊन येतो — मी शिवते, ते पुन्हा जातात. अगदीच विरलेल्यांच्या पिशव्या होतात.

माझा स्वार्थ वेगळाच. तिकडचं भांडार आमचे हे सांभाळतात. प्रत्येक तंबूला यांच्या हातची चिठ्ठी बांधलेली असते. "चेन तुटली. वेळेवर जेवतेस ना?" तिकडे फोनला रेंज नाही, तेव्हा हाच आमचा संसार. आज अकरा चिठ्ठ्या.

१८ मार्च
चारच.

२ एप्रिल
एकही नाही! गोदामाच्या प्रमुख बाई खूश. "तुमची दुहेरी शिवण उसवतच नाही हो." स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय. ट्रकच्या रिकाम्या हौद्यात उगीच डोकावून आले. सात महिने झाले यांना बघून. आवाजसुद्धा आता आठवून आठवून काढावा लागतो.

३ एप्रिल
मागच्या खेपेतला एकशे बारा नंबरचा तंबू शिवायचा राहिला होता. छताला एकेरी शिवण मारली, तीही सैल. उसवेल, परत येईल, चिठ्ठी येईल. घडी करून चढवला ट्रकमध्ये.

९ एप्रिल
तिकडे पाऊस लागलाय म्हणे. त्या छताखाली कुणाचं तान्हं असेल तर?

१० एप्रिल
बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "उद्यापासून मशीनवर बसू नका." फक्त कामापुरत्या वापरायच्या वायरलेसवरून त्यांनी तंबू परत मागवला. माझी मान वर होईना.

१५ एप्रिल
ट्रक आला, तंबू नाही. ड्रायव्हरने नुसती चिठ्ठी आणली, ती बाईंनी आधी वाचली.

"एकशे बाराची शिवण कच्ची, हे घडी उघडताच दिसलं. तुझा हात ओळखतो मी. कुणाला दिला नाही. मीच झोपतो त्यात. गळतो. तुला मशीनवरून उठवलं म्हणे, म्हणून परत पाठवत नाही; दुसऱ्या कुणाला शिवू देणार नाही."

बाई म्हणाल्या, "मशीन घेऊन सकाळच्या ट्रकने निघा. यापुढे तिथेच, त्या छताखाली झोपणाऱ्यांच्या समोर बसून शिवायचं."