खांबावरचा कान

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून लिहिते. तुझा डबा आला एकदाचा. कंपनीची माणसं शिडी लावून माझ्या रोपवाटिकेजवळच्या खांबावर तो बसवून गेली. तार तडतडली, ठिणगी उडाली की डब्याला ते कळतं, तो तुमच्या कंट्रोल रूमला कळवतो आणि तुम्ही तिथूनच लाइन बंद करता, हे मी सगळ्या आळीला पाठ म्हणून दाखवलं आहे. शेजारचे सुतारकाका काही ऐकेनात. आत्तापर्यंत वारा सुटला की कंपनी सरसकट वीज तोडायची तेच बरं होतं, करवत बंद पडायची पण वखार तरी शाबूत राहायची, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी म्हटलं, त्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला माझा भाऊ बसलेला असतो. तेव्हा कुठे ते तयार झाले. तर बाबा, तिथे डुलक्या काढू नकोस.

एक गंमत. रोपांच्या शेडचा पत्रा वाऱ्याने थडथडला की डबा लाल डोळा मिचकावत चिवचिवायला लागतो. आमचं घरचं बोलणं चोरून ऐकतो मेला. त्याला जरा गप्प बसायला सांग.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि माया आहे तेवढी राहू दे.
तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या खांबाने इथे माझी पार शोभा केली आहे. बाकीचे डबे शहाण्यासारखे गप्प, तुझा मात्र सारखा बोंबलतो. घंटा झाली की सगळे म्हणतात, घे, ताई हाक मारतेय. प्रत्येक वेळी माणसं टेकडी चढतात, खालून तार न्याहाळतात आणि काही सापडलं नाही म्हणून मला शिव्या घालत उतरतात. साहेबही वैतागले. मी त्यांना म्हटलं, तो पत्रा मी ओळखतो, तो चढवताना माझंच बोट चेचलं होतं. ते हो म्हणाले, आणि मी त्या खांबाचा आवाज ‘ओळखीचा’ म्हणून टाकून दिला. आता तो कितीही ओरडला तरी इथे घंटा वाजत नाही. माणसंही वर येणार नाहीत, तुझा चहा वाचला.

मुलं तुझी आठवण काढतात. त्यांच्या बापावरही थोडा लोभ ठेव.
तुझा बारक्या


२० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं वाचून मीच ओशाळले. सुतारकाकांना बोलावून पत्रा नव्या खिळ्यांनी ठोकून घेतला. आता त्यावर कुणी नाचलं तरी हलायचा नाही. पण डबा अजून चिवचिवतोच, आणि तेही वारा वरच्या अंगाने आला की. म्हणजे पत्रा नव्हे, दुसरं काहीतरी आहे. ते ‘ओळखीचा’ वगैरे काढून टाक आणि एकदा कुणाला तरी शिडीवर चढायला लाव, खालून बघून काय दिसणार? तिकडे ऐकू जातंय ना, असं काका विचारत होते. मी म्हटलं, माझा भाऊ आहे तिथे. मला तोंडघशी पाडू नकोस.

लगेच उत्तर धाड. मायेबरोबर थोडं लक्षही असू दे.
तुझी ताई


९ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

मी बरी आहे, हे आधी लिहिते.

परवा दुपारी खांबापलीकडे तार तुटून वाळल्या गवतात पडली. खांबावरची पकड सैल होऊन बरेच दिवस तडतडत असणार, असं बंबवाले म्हणाले. बघता बघता आग उतारावरून खाली आली. माझी रोपं गेली. सुतारकाकांची वखार गेली. कुणाच्या तरी नव्या घराची दारं तयार करून ठेवली होती, ती ओढून काढायला ते आत शिरले. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या आहेत. बोटं हलतील, पण पटाशी धरता येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तार तुटायच्या आधी डबा लाल डोळा मिचकावत ओरडत होता. मी त्याच्याखाली उभी राहून तू लाइन बंद करायची वाट बघत होते. आपला भाऊ ऐकतोय असं धरून, दुसऱ्या कुणाला फोनही केला नाही.

माझी शेड उभी आहे. पत्रा जागचा हललेला नाही.

एवढंच सांग, तिथे कुणी ऐकलं का?
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं वीस तारखेचं पत्र मिळालं होतं. उद्या करू, उद्या करू म्हणत राहून गेलं. खरं सांगायचं तर पुन्हा घंटा वाजली की पुन्हा सगळे हसतील, हेच मनात होतं.

चौकशी बसली आहे. आपल्याला काही माहीतच नव्हतं, असं साहेब म्हणाले. मग आवाज का बंद केला ते मला विचारलं. रहिवाशांची तक्रार होती, असं मी बोलून गेलो. कोणाची, म्हटल्यावर तुझं नाव सांगावं लागलं आणि पहिल्या पत्रातली ती गप्प बसवायची ओळ वाचून दाखवावी लागली. ताई, ती तूच लिहिली होतीस, मी पदरचं काही घातलं नाही. दुसऱ्या पत्राबद्दल कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. तुझी काही नोकरी जायची नाही. मला दोन मुलं आहेत. बोलावलं तर फक्त हो, लिहिलं होतं, एवढंच म्हण.

मनात अढी धरू नकोस. तू लोभ सोडलास तर मी कुणाकडे बघू?
तुझा बारक्या


२२ मार्च

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात वळला होता, तसाच थांबवला.

तुझ्या पत्राआधी कंपनीचा माणूस आला. रहिवाशाच्या सांगण्यावरून आवाज बंद केला, सबब कंपनीचा दोष नाही, असं आळीत उभं राहून सांगून गेला. रहिवासी कोण, तेही सांगितलं. मी डबा घ्यावा म्हणून ज्यांच्या दारोदार हिंडले, ते आता मी दुकानात शिरले की बोलायचे थांबतात. सुतारकाकूंकडे जेवणाचा डबा घेऊन गेले तर त्यांनी आतून कडी लावली. नवऱ्याला घास भरवत होत्या.

‘चोरून ऐकतो मेला’ हे तू परक्या माणसांसमोर वाचलंस. माझा आवाजही काढलास का? लहानपणापासून तुला छान जमतो. मी ते तुला लिहिलं होतं रे, कंपनीला नव्हे.

चौकशीला मी येणार आहे आणि दोन्ही पत्रांचं सांगणार आहे. दुसरं तुझ्याकडे आहे. घेऊन ये.
ताई


५ एप्रिल

बारक्या,

काल चौकशीत तू सारखा टेबलाकडे बघत होतास, म्हणून तुला जे दिसलं नसेल ते लिहिते. तो पत्रा आपण स्वतः ठोकला, असं सांगायला सुतारकाका उठले तेव्हा त्यांनी पट्ट्यांतला हात वर केला होता, कसा ठोकला ते दाखवायला. बहिणीने हे कळवलं होतं का, असं तुला विचारलं आणि तू आठवत नाही म्हणालास, तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर त्या घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या.

निकाल लागेल तो लागेल. यापुढे तुला लिहीन ते कुठेही, कुणासमोर वाचून दाखवता येईल असंच लिहीन. तर:

खांबावर नवा डबा बसवला आहे. आज तो ओरडला. मी तुमच्या कंट्रोल रूमला फोन केला, कोण बोलतंय ते विचारलं नाही. लाइन बंद झाली. एक फांदी तारेला घासत होती, ती तोडली.

हवा कोरडी आहे. पत्रा पक्का आहे. सुतारकाकांना पेला धरता येतो.

कळावे. पुढचं ‘लोभ असावा’ लिहायचं राहिलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.
खांबाजवळची रहिवासी