शेठ कालपासून जेवलेला नाही

ती. ताईस,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्तास मान लववली एवढंच समज). भाची आणि तिचं बाळ सुखरूप असतील. बाळ तुला रात्रभर जागवत असेल, तर जाग. इथे तुझा भाऊही झोपलेला नाही, आणि त्याला झोका द्यायला कोणी नाही.

घर राखायला मला ठेवलंस, ते ठीक. पण माशाच्या टाकीतल्या झाडांवर पांढुरकी लव दिसली, ती बुरशी समजून मी भाचीचा शाळेतला मायक्रोस्कोप माळ्यावरून काढला, ही दुर्बुद्धी. (घड्याळजीला भिंग दिसलं की राहवत नाही.) ताई, ती लव हलत होती. बारीक देठांवर उलट्या घंटा, प्रत्येकीच्या तोंडाला केसांची झालर, आणि झालर आपली गरगरते आहे. माझं कोपर टेबलाला लागलं मात्र, सगळ्या देठांची एकदम स्प्रिंग झाली आणि घंटा पानाशी दबल्या. मग हळूहळू पुन्हा सरळ. माझा जन्म स्प्रिंगांत गेला. कोणी किल्ली दिल्याशिवाय स्प्रिंग आखडत नसते. यांना किल्ली कोण देतं?

तरी इथवर निभावलं असतं. पण धंद्याची सवय वाईट. पान धरलेला चिमटा काम संपल्यावर मी दातांत धरला (दुकानात तो दिवसभर तिथेच असतो). जिभेला ओल लागली तेव्हा उजेड पडला. चुळा भरल्या, कढत पाणी प्यायलो, पण ज्यांना पान सोडवत नाही ते पोट कसलं सोडतात? आता मी खोकलो की आत सगळ्या मिळून आखडतात, मला स्पष्ट जाणवतं. म्हणून खोकणं बंद केलं आहे. शेजारचा कंपाउंडर म्हणाला, काका, असले जीव पाण्यात असायचेच, कोणाचं काही बिघडवत नाहीत. सांगायला त्याचं काय जातं? चिमटा त्याच्या तोंडात होता का?

एकच आधार होता, तुझा शेठ. तो लठ्ठंभारती मासा इतकी वर्षं त्याच पाण्यात राहतो. तो धडधाकट, तर मीही धडधाकट. म्हणून खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसलो आहे. आणि ताई, शेठ कालपासून जेवलेला नाही. काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत नुसता आ वासतो. निरोप घेत असणार, दुसरं काय! मला फार भीती वाटते. दुरुस्तीला आलेली घड्याळं दुकानाच्या कपाटात आहेत, चावी तुझ्या साखरेच्या डब्यामागे.

तुझा (असेपर्यंत),
धाकटा

ता. क. शेठ जेवला. त्याला खायला घालायचं मीच विसरलो होतो.

आणखी ता. क. शेठ जेवला म्हणजे मीही वाचलो, एवढं मला कळतं. तरी तू ये. बाळ-बाळंतिणीला घेऊनच ये. चिमटा झाला निमित्त. तू गेल्यापासून या घरात आवाज म्हणून फक्त टाकीचा पंप आहे, आणि तोच जास्त भिववतो. आलीस की तुला ते पान दाखवतो. चिमटा मात्र तू धर.