मलमावरची सही

३ मार्च
भेगांचं मलम झोंबतं म्हणून दुकानदारांची कुरकुर. हर्षल म्हणतो, आंबटपणा कमी करा. मालक तो, केमिस्ट मी – वाद घालून दमले. मलम खराब होऊ नये म्हणून घालतो ते बेन्झोएट आंबटातच काम करतं. तिथे त्याचं आम्ल होतं, बुरशीच्या पेशीत शिरतं, तिला आतून मारतं. आंबटपणा काढला की ते बाहेरच पडून राहतं – मलमात असूनही नसल्यासारखं. दुसरं काही घालायचं तर सामान यायला महिना. गाडी शुक्रवारी जाणार!

६ मार्च
हरले. काल मिक्सर चालवणाऱ्या दीपकला सोडा वाढवायला सांगितला. पीएच साडेचारवरून सातवर. जंतूंच्या तपासणीला पाच दिवस लागतात, मी आजच माल पास केल्याची सही केली. थकले होते – दुसरं कारण नाही.

२२ मार्च
झोंबण्याची तक्रार बंद. हर्षलने पेढे वाटले. मी घेतला नाही.

१५ एप्रिल
चांदवडहून डब्या परत आल्या. झाकणाखाली काळी बुरशी. सगळा माल परत मागवायला लावला – निदान तेवढं तरी.

१७ एप्रिल
पॅकिंगच्या कलाबाई चार दिवसांनी आज आल्या. त्यांच्या सासूबाईंना साखरेचा आजार आहे. कलाबाई रोज त्यांच्या पायांना आपलंच मलम लावत. भेग चिघळली, अंगठा काढावा लागला.
"मॅडम, मीच लावत होते वो. माझंच चुकलं का?"
नाही म्हणाले. टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसले.

१८ एप्रिल
हर्षलने दीपकला काढलं. सोडा जास्त पडला म्हणे, त्याच्या हातून! दीपक जेवणाचा डबा घेऊन माझ्या समोरून गेला. मी रजिस्टरात आकडे लिहीत राहिले.

१९ एप्रिल
अख्खी सकाळ धीर गोळा केला. मग हर्षलला सांगितलं – दीपकने मी सांगितलं तेवढंच केलं, सही माझी आहे. त्याने मोबाईलवरून मानही वर केली नाही.
"माहितीये मॅडम. दीपकसारखे दहा मिळतील. लायसन्सवर नाव तुमचं आहे, तुम्ही गेलात तर कारखाना बंद."

२१ एप्रिल
लायसन्सवरून नाव काढायचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात सगळं लिहिलं, सोडा आणि सहीसकट. आता कलाबाईंच्या घरी निघालेय.