वसूच्या शिक्षणाची चौकशी

धारवाड, ता. ३ मे १९६१

ती. आजीस वसुमतीचा सा. न. वि. वि.

एम.ए. पास झाले. आता लोकांची दुःखं ऐकून त्यांना वाट काढायला मदत करायची, हे शिक्षण घ्यायचं आहे. ते मुंबईला समाजकार्याच्या कॉलेजात मिळतं, नाहीतर तुझ्या बंगळुरात मनोरुग्णालयातल्या डिप्लोमाला. मला तुझ्याकडे राहूनच शिकायचंय. अण्णा म्हणतात, आजी हो म्हणाली तरच.

तुझ्या होकाराची वाट पाहणारी,
वसू

जयनगर, बंगळूर, ता. ९ मे १९६१

चि. वसूस आजीचे पुष्कळ आशीर्वाद.

पास झालीस म्हणून चिरोटे करून गल्लीभर वाटले. माडीवरची खोलीही झाडून घेतली. पण हे शिक्षण काही मला सरी वाटत नाही, पटतच नाही. ऐकायला शिकावं कशाला लागतं? शेजारच्या सकवारबाई न शिकता नळावर सगळ्यांचं ऐकतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगतात. तुम्ही तेच पगार घेऊन करणार. त्यात वेड्यांचं इस्पितळ. तिथं कुणी मुलगा तर हेरून ठेवला नाहीस ना? तुझ्या अण्णाला, रघुपतीला, इतक्यात हो कळवत नाही. आधी स्वतः जाऊन बघते.

लोभ आहे, संशयही आहे.
आजी

जयनगर, ता. १७ मे १९६१

चि. वसूस आशीर्वाद विशेष.

जाऊन आले. मुलगा कुणी दिसला नाही, एक टकले कारकून तेवढे होते. झोप येत नाही अशी थाप मारून आत शिरले. तिथं ऐकायला अनुसूया नावाच्या बाई, तुझ्याहून स्वल्प मोठ्या. त्यांनी काही फार विचारलं नाही, आणि मी तुझ्या अहल्याआत्याचं बोलत बसले. चार वर्षांची गेली ती. घरात तिचं नाव कुणी काढत नाही. बाईंनी उपदेश केला नाही की घाई केली नाही.

बाहेर आल्यावर मात्र धसका घेतला, आता हे गावभर होणार. म्हणून सकवारबाईंनाच धाडलं, मी काय बोलले ते काढून आणा म्हटलं. त्यांच्यापुढे देवळातले भटजीसुद्धा गप्प राहू शकत नाहीत. त्या गेल्या, बराच वेळ बसल्या आणि डोळे पुसत परत आल्या. माझ्याबद्दल बाईंनी अक्षर काढलं नाही म्हणे. मग इतका वेळ तुम्ही काय बोललात, असं मी विचारलं, तर सकवारबाई सांगेनात. अजून सांगत नाहीत.

रघुपतीला हो कळवलं आहे. मुंबई नको, इथंच ये. मात्र तुझा अभ्यास माझ्यावर करायचा नाही. मला माझ्या अनुसूयाबाई आहेत.

लोभ आहेच, आता नुसता लोभच.
आजी