इकडं दोन

रवि., ५ जाने.
परत ड्युटीवर. आबांना जाऊन आज चौदा दिवस. बहारीनमधल्या हिद्दच्या प्लँटमध्ये सगळं जागच्या जागी, माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, "खलास भाई, अल्ला की मर्जी." त्याच्या परीने बरोबरच.

संध्याकाळी बसमध्ये साडेपाचला हात आपोआप खिशात गेला. तिकडे गावी आठ. आबांची गिनतीची वेळ. पलटणीत उभा जन्म संध्याकाळची हजेरी घेतली, रिटायर झाल्यावर ती आमच्यावर आली. रोज फोन, अर्धा मिनिट. मी म्हणायचो, "तीन हाजिर." म्हणजे मी, सरिता, पिंकी. ते म्हणायचे, "इकडं दोन. एकूण पाच, गिनती पूर्ण." फोन बंद. सण असो, ताप असो. कंटाळा यायचा मला, खोटं कशाला लिहू.

मंगळ., ७ जाने.
शुक्रवारी जिदहफ्सला आपल्या लोकांनी आबांचं पुण्यानुमोदन ठेवलंय. इथल्या मंडळाच्या मोरे साहेबांचा निरोप: मुलाने दोन शब्द बोलायचे. लिहायला बसलो. शूर, शिस्त, देशसेवा. तीन ओळींत आबा संपले.

पिंकी: "डॅड, आबा वॉज इन अ वॉर, राइट?" तिला तेवढंच माहीत. मला तरी कुठे जास्त. लढाईचं विचारलं की म्हणायचे, "थंडी लई हुती."

जे माहीत आहे ते असं: रजेवर आले की आईला भाकरी थापू द्यायचे नाहीत, स्वतः थापायचे, गल्ली हसली तरी. माझ्या दहावीला वर्षाची सगळी रजा घेऊन आले आणि पहाटे माझ्यासमोर बसून राहायचे. पुस्तकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पेन्शनीत गेल्यावर आईला सायकल शिकवली, मागून धरून पळत. सभेत हे सांगतात का?

बुध., ८ जाने.
कांबळे काकांना फोन लावला. आबांच्या सेक्शनमधले, आता सोलापुरात. म्हटलं, लढाईचं काहीतरी सांगा. त्यांनी गिनतीचंच सांगितलं.

पहाडात बर्फ पडत होता. गिनतीत एक जवान कमी. साहेब म्हणाले, उजाडल्यावर पाहू. आबा चौकीच्या तोंडाशी टॉर्च दाखवत उभे राहिले. चार तास. आत या म्हटलं तर नाही, जेवा म्हटलं तर नाही. शेवटी तो जवान आला. बिडी ओढायला थांबला आणि वाट चुकला होता. आबा त्याला एक शब्द बोलले नाहीत. "जेव," म्हणाले, मग स्वतः जेवले.

मी आमच्या गिनतीचं सांगितलं. इकडं दोन, म्हणजे आई आणि आबा.

काका मग म्हणाले, "न्हाई रं. गिनती घेणारा स्वतःला मोजत नसतोय. तुझा बाप तर कधीच न्हाई."

मग दुसरा कोण? लिहायला हात धजत नाही. आमच्या घरात आणखी एकच माणूस आहे.

गुरु., ९ जाने.
आईला सरळ विचारलं. मिलिंद?

मिलिंद माझा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी मीच व्हिसा काढून त्याला माझ्या कंपनीत आणला. दोन महिन्यांत न सांगता गावी निघून गेला. मॅनेजरपुढे माझी मान खाली. फोनवर म्हणालो, "माझ्यासाठी तू मेलास." तो घरीच होता, आबा शेजारी उभे. त्याने घर सोडलं. तेव्हापासून माझ्यासमोर कुणी त्याचं नाव काढलं नाही.

आई: "आरं, रोज पावणेआठला बोलायचे त्येच्याशी. एक दिस चुकला न्हाई. त्यानं शपथ घातलेली, दादाला सांगू नगा."

पावणेआठला त्याची हजेरी, आठला माझी. सात वर्षं. त्याची शपथ मोडली नाही आणि मला एक टोमणा मारला नाही. तो आहे, एवढं रोज माझ्या कानावर घालत राहिले.

मी गावी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अग्नी चुलत्यांनी दिला, असं मला सांगितलेलं. तोही मिलिंदने दिला. माझं विमान उतरायच्या आत निघून गेला.

आबांएवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि घरात होते तेव्हा त्यांनाही पाहिलं नाही.

शुक्र., १० जाने.
पांढरे कपडे, त्रिसरण, पंचशील. आबांच्या फोटोपुढे मेणबत्ती पिंकीने लावली. कागद खिशातच राहू दिला. भाकरी सांगितल्या, बर्फ सांगितला, गिनती सांगितली. मग मी भावाला काय म्हणालो होतो तेही सांगितलं. सरितालाही ते शब्द माहीत नव्हते. बोलता बोलता रडलो, लाज नाही वाटली.

घरी येताना पिंकी: "सो आय हॅव अ काका? व्हेअर इज ही?"

रात्री आईकडे त्याचा नंबर मागितला.

रवि., १२ जाने.
आईने नंबर पाठवला. नाशिकला असतो, टेम्पो आहे त्याचा. साडेपाचला बसमधून लावला. उचलला. म्हटलं, "राजू बोलतोय." मग मला आईचा दुखरा गुडघाच विचारायला सुचला.

"दाखवलाय डॉक्टरला. पट्टा दिलाय," म्हणाला. आवाज हुबेहूब आबांचा. पुढची दोन मिनिटं गुडघा, पट्टा, शेक.

मग एकदम: "कंपनीच्या बसमध्ये आहेस का? अजून कारखान्यांच्या मागनंच जाते?"

"हो."

"मला त्या बसमध्ये रडू यायचं, दादा. रोज. तुला सांगायची भीती वाटायची."

ना त्याने फोन ठेवला ना मी. माझा स्टॉप गेला तरी उतरलो नाही. मग त्याचं कुणी गिऱ्हाईक आलं, म्हणाला, ठेवतो.

दोन स्टॉप मागे चालत आलो. सरिताने विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, गुडघा बरा आहे. माफी मागायची राहिली. उद्या उचलेल की नाही, माहीत नाही.